परदेशातील मनाची पाठराखण : एक अभ्यास

स्थलांतर ही मानवाच्या इतिहासातील काही नवी घटना नव्हे. पोटासाठी, विद्येसाठी, तर कधी केवळ जीव वाचवण्यासाठी माणूस आपली भूमी सोडत आला आहे. आपल्याकडे मात्र समुद्र ओलांडणे दीर्घकाळ निषिद्ध मानले गेले. सिंधुबंदीचे ते बंधन आता उरलेले नाही. आज आपल्या मराठवाड्यातील मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी अमेरिका, इंग्लंड, जर्मनी आणि आखाती देशांत जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हा ही वाट यापुढे अधिकच रुंद होणार, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पासपोर्ट कसा काढावा, व्हिसा कसा मिळवावा, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी करावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तिकडे पोहोचल्यावर मनाचे काय होते, हे सहसा कोणी सांगत नाही. जाणारा सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. घरचे विचारत नाहीत, कारण तो सुखात आहे असे सर्वांनी धरूनच चाललेले असते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी प्रथम पाश्चात्त्य अभ्यासकांची मते पाहू, मग आपल्या रीतीरिवाजांकडे वळू आणि शेवटी परदेशी राहून आलेल्या तीन थोर मराठी व्यक्तींच्या जीवनाशी ती मते ताडून पाहू.

शास्त्रज्ञांनी काढलेला आलेख

घराच्या ओढीचा आजार म्हणून पहिला पद्धतशीर विचार झाला तो १६८८ साली. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर राहिलेली माणसे कशी खंगत जातात याचे वर्णन केले. ‘परत येणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. त्या वेळी होफर अवघा १९ वर्षांचा होता. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या वयाचाच! या वयात घर सोडण्याचे दुःख ताजे असते, म्हणूनच कदाचित त्याला हा विषय सुचला असावा.

त्यानंतरचे महत्त्वाचे नाव मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांचे. १९५४ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ‘सांस्कृतिक धक्का’ ही कल्पना विस्ताराने मांडली. त्यांच्या मते परक्या देशात राहणाऱ्याच्या मनाच्या चार अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत सगळेच नवे व सुंदर वाटते. दुसरीत चीड, भीती आणि घरची अतोनात ओढ यांनी मन व्यापून जाते. तिसरीत माणूस सावरू लागतो आणि चौथीत तो तिथला होऊन जातो. दुसऱ्या अवस्थेची ओबर्ग यांनी दिलेली लक्षणे मोठी बोलकी आहेत. पुन्हा पुन्हा हात धुणे, पिण्याच्या पाण्याबद्दल व अंथरुणाबद्दल विनाकारण शंका येणे, सगळे आपल्याला फसवतील असे वाटणे, जराशा विलंबाने संताप येणे आणि आपल्या भाषेच्या माणसांशी बोलण्यासाठी जीव तळमळणे.

असे का व्हावे? ओबर्ग यांचे उत्तर असे, की रोजच्या व्यवहारातील असंख्य लहान खुणा एकाएकी नाहीशा होतात. नमस्कार कोणाला करावा, नाही कधी म्हणावे, कोणते बोलणे थट्टेचे व कोणते खरे, हे आपण लहानपणापासून शिकलेले असतो, पण शिकलो आहोत हे आपल्याला ठाऊकही नसते. आपल्याकडे पाहुणा जेवायला प्रथम नको म्हणतो, मग यजमान आग्रह करतो, मग पाहुणा पानावर बसतो. जिथे ही रीत नाही तिथे पाहुण्याचे पहिले ‘नको’ खरेच धरले जाईल व त्याला उपाशी उठावे लागेल. त्यात यजमान निष्ठुर नसतो आणि पाहुणा मूर्ख नसतो. दोघांमधली खूण तेवढी हरवलेली असते. दिवसातून अशा पन्नास खुणा हरवल्या म्हणजे मन थकून जाते.

१९५५ साली स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने, अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन शिष्यवृत्तिधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या सहा महिन्यांत मन उत्साही, सहा ते अठरा महिन्यांच्या काळात खचलेले आणि त्यानंतर पुन्हा सावरलेले, असे त्याला आढळले. कागदावर काढल्यास हा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. १९६३ साली गलाहॉर्न पतिपत्नींनी त्याला पुढचा भाग जोडला. मायदेशी परतल्यावरही मन पुन्हा खाली जाते व पुन्हा वर येते, म्हणून आलेख ‘डब्ल्यू’ अक्षरासारखा मानावा, असे त्यांनी सुचवले. पुढे १९९८ साली कॉलीन वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांना तर सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होतो असे दिसले. तेव्हा हा आलेख सर्वांना सारखाच लागू पडतो असे नाही. मग कोणाचा आलेख कसा उतरेल, हे कशावरून ठरते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मला आपल्या घरच्याच एका रीतीकडे वळावेसे वाटते.

सासर-माहेरची रीत

आपल्याकडील बहुतेक स्त्रियांनी परदेश पाहिला नसेल, पण परके घर प्रत्येकीने पाहिले आहे. लग्न झालेली मुलगी एका दिवसात वेगळ्या घरी, वेगळ्या चवीच्या स्वयंपाकात आणि कधीकधी वेगळ्या बोलीत जाऊन पडते. पूर्वी तर ती आठ-दहा वर्षांची असे. जात्यावरच्या ओव्यांत माहेराचे इतके वेड का दिसते, याचे कारण इथे आहे. त्या ओव्या म्हणजे घराच्या ओढीची आपल्या भाषेतील मोठी नोंदवहीच होय.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की मुलीला दुःख होणार हे समाजाने गृहीतच धरले होते व त्यासाठी काही सोय करून ठेवली होती. नवरीबरोबर सासरी काही दिवस पाठराखीण जाई. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मांडवपरतणीला मुलगी माहेरी येई. नागपंचमीला, दिवाळीला भाऊ मुराळी होऊन न्यायला येई. मुलगी रडली तर ती दुबळी आहे असे कोणी म्हणत नसे. रडणे हा त्या वाटेवरचा एक टप्पा मानला जाई. या रीतीत स्त्रीवर अन्याय नव्हता असे मला मुळीच म्हणायचे नाही. पुष्कळ घरांत पाठराखीण परतल्यावर छळ सुरू होई आणि मुराळी रिकाम्या हाताने परत पाठवला जाई. परंतु परक्या जागी जाणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी असावे लागते, हे शहाणपण त्या रीतीत होते, हे मान्य करावे लागेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : परदेशी मन सावरते की खचते, हे त्या देशावर जेवढे अवलंबून असते तेवढेच पाठराखणीवर अवलंबून असते. ही पाठराखण जाताना हवी आणि परत येतानाही हवी. आता हे विधान तीन उदाहरणांवर तपासून पाहू.

आनंदीबाई जोशी : परदेशात भेटलेली मावशी

आनंदीबाईंचा जन्म १८६५ सालचा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय पुढे आला. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले एक पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचले आणि तिने आपण होऊन पत्र लिहिले. १८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. म्हणजे अमेरिकेची भूमी दिसण्यापूर्वी तीन वर्षे त्यांना तिथे एक मावशी मिळालेली होती!

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे भाषण करून आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो हे जाहीरपणे सांगितले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे आश्वासन दिले. एप्रिल महिन्यात त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या व पती सोबत नव्हते. बोटीवर त्यांच्या शाकाहाराची आबाळ झाली आणि सोबतच्या स्त्रियांकडूनही त्यांना सुख लाभले नाही. रोझेलच्या घरात मात्र चित्र पालटले. त्या घरात त्या मुलीप्रमाणे वावरल्या. आपल्याकडचा स्वयंपाक करून त्यांनी तिथल्या पाहुण्यांना जेवू घातले. हा त्यांच्या आलेखाचा वरचा भाग.

पुढे पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकण्यासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि उतार लागला. खोलीतील शेकोटी पेटवली तर धूर कोंडे आणि न पेटवली तर थंडी सोसवत नसे. नऊवारी नेसण्याने पोटऱ्या उघड्या राहात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण नेसणे बदलले तर मायदेशी बोट दाखवले जाईल आणि न बदलले तर थंडीने आजारपण येईल, अशा कात्रीत ती मुलगी सापडली होती. पतीची पत्रे कधी धीर देणारी तर कधी संशयाची व टोमण्यांची असत. आपल्या उत्तरांत आनंदीबाईंनी, बालपणी त्यांनी केलेल्या मारहाणीची स्पष्ट शब्दांत आठवण करून दिली आहे. घरात जे तोंडातून निघाले नसते ते सात समुद्रांपलीकडून लेखणीतून निघाले. परदेशाने प्रकृती हिरावली, पण बोलण्याचे बळ दिले, असे म्हणावे लागेल.

११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली व मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. पाठराखणीने मन तगते, शरीराला मात्र ऊब, अन्न व औषध लागते, हा धडा या जीवनाने दिला आहे.

पंडिता रमाबाई : कामाचा आधार

आनंदीबाई निघाल्या त्याच एप्रिल महिन्यात, १८८३ साली, पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. त्या २५ वर्षांच्या विधवा. सोबत दोन वर्षांची मुलगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. त्यांनाही वैद्यकच शिकायचे होते. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या. परंतु ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याची आशा सोडावी लागली. ज्या कामासाठी देश सोडला तेच काम हातून गेल्यावर मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच करावी. त्याच वर्षी वाँटेजमध्ये सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी आपले जीवन संपवले.

या दुसऱ्या आनंदीबाईंचे नाव आपण फारसे घेत नाही. परदेशगमनाच्या यशोगाथांत त्यांना जागा मिळत नाही. परंतु प्रत्येकाचा आलेख खाली जाऊन आपोआप वर येतोच असे नाही, हे त्यांच्या उदाहरणाने कळते. आधाराला माणूस जवळ असूनही मन खोल जाऊ शकते आणि तेव्हा वेळीच ओळखून वैद्यकीय मदत देणे हाच मार्ग असतो. आज ती मदत उपलब्ध आहे आणि ती घेण्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याबद्दल मायदेशात फार टीका झाली. गंमत अशी, की धर्म बदलूनही त्या आश्रमातील भगिनींच्या म्हणण्याप्रमाणे मुकाट्याने वागल्या नाहीत. धर्मविषयक मतांबाबत त्यांनी वाद घातले आणि शाकाहारही सोडला नाही. म्हणजे दोन्हीकडून त्या एकाकी पडल्या. या एकटेपणात त्यांना सावरले ते त्यांच्या विद्येने. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकता शिकता त्या संस्कृत शिकवू लागल्या. ज्या देशात त्यांना प्रत्येक गोष्ट विचारावी लागत होती, त्या देशात एका विषयात तरी लोक त्यांना विचारू लागले. परक्या ठिकाणी माणसाचा मान हरवलेला असतो. एखादे काम हाती असले की तो थोडा तरी परत मिळतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. एका मराठी मुलीच्या पदवीदानाला दुसरी मराठी स्त्री समुद्र ओलांडून हजर राहिली, हीदेखील एक पाठराखणच होती. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन, आपल्या कार्यासाठी साहाय्य मिळवून त्या १८८९ मध्ये परतल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. आनंदीबाईंच्या पदवीदानाची तारीखही ११ मार्चच होती. परदेशात मिळालेला आधार त्यांनी इथल्या निराधार स्त्रियांना पोहोचवला.

डॉ. आंबेडकर : परतीचा उतार

वरील दोन उदाहरणांत मनाचा उतार परदेशात दिसतो. तिसऱ्या उदाहरणात आलेख उलटा होतो, म्हणून ते विशेष विचार करण्यासारखे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची जन्माची मैत्री जडली. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले व १९१६ मध्ये लंडनला गेले. आपल्या आठवणींत त्यांनी नमूद केले आहे, की परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. इतरांना परदेशात आपली ओळख हरवल्याचे दुःख होते. त्यांना मात्र लादलेली ओळख गळून पडल्याचे सुख मिळाले. ‘मायदेश म्हणजे सुख व परदेश म्हणजे दुःख’ हे आपले गृहीतक सर्वांसाठी खरे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये ते परत आले. त्यांची ग्रंथसंपदा ज्या बोटीवर होती ती महायुद्धात बुडवली गेली. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी त्यांना जागा सोडण्यास भाग पाडले. रात्रीच्या गाडीची वाट पाहात त्यांनी कित्येक तास बडोद्याच्या कमाठी बागेत काढले. न्यूयॉर्कमध्ये जीवलग मित्र झालेला माणूस पारशी होता आणि बडोद्यात बाहेर काढणारेही पारशीच होते. तेव्हा दोष एखाद्या समाजाच्या नावात नसून भोवतालच्या व्यवस्थेत असतो, हे ध्यानात घ्यावे.

आमच्या पडेगावाहून वेरूळच्या रस्त्याने पुढे गेले म्हणजे दौलताबादचा किल्ला लागतो. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले असता हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून त्यांना अडवण्यात आले, ही हकिकतही त्यांनी त्याच आठवणींत लिहून ठेवली आहे. परदेशाहून येऊन सतरा वर्षे झाली होती, तरी ‘डब्ल्यू’चा दुसरा उतार संपलेला नव्हता. हा उतार मनाच्या आजाराचा नव्हता, तो समाजाच्या आजाराचा होता.

१९२० मध्ये त्यांनी अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडन गाठले. या वेळी पाठीशी स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेनांनी उसने दिलेले पैसे होते. लंडनमध्ये त्यांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला. रात्रीची भूक ओळखीच्या माणसाने दिलेल्या पापडांवर भागवावी लागे. १९२१-२२ मध्ये ते जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले व आता तेथे स्मारक आहे. त्या घराला भेट देणाऱ्यांनी आणखी एक घर आठवावे. त्याच काळात मुंबईच्या चाळीत रमाबाई आंबेडकर अतिशय हलाखीत संसार रेटत होत्या. परदेशी जाणाऱ्याच्या आलेखाखाली घरच्यांचाही एक आलेख असतो, तो मात्र कोणी काढत नाही.

आपल्या काळात

मी आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. पडेगावाहून शहरात यायला बसने फार वेळ लागत नाही. तरीही पहिले काही महिने मला सगळे परके वाटे. प्राध्यापक काय म्हणतात ते समजे, पण वर्गात प्रश्न कसा विचारतात ते समजत नसे. घरी कोणाला विचारावे तर त्यांनीही कधी महाविद्यालय पाहिलेले नाही. हा अभ्यास करताना मला जाणवले, की ओबर्ग यांनी सांगितलेल्या खुणा हरवण्यासाठी समुद्रच ओलांडावा लागतो असे नाही.

आमच्या आळीतील एक मुलगा आखाती देशात कामाला आहे. आनंदीबाईंच्या पत्राला पोहोचायला कित्येक आठवडे लागत, आता तो रोज रात्री फोनवर दिसतो. मात्र फोनमध्ये तो खोलीची एकच भिंत दाखवतो. “बरं आहे” एवढेच म्हणतो. आई विचारते, “जेवलास का?” बाकीचे विचारतात, “सुट्टी कधी? पैसे कधी?” त्या खोलीत किती जण राहतात, कोणाशी तो मराठीत बोलतो, हे कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही. पत्र लिहिताना माणूस आपल्याशीच बोलतो व मग मनातले कागदावर उतरते. रोजच्या फोनवर तेवढी सवड मिळत नाही. साधन जवळ आले म्हणून माणूस जवळ आलाच असे होत नाही.

मराठी माणसांनी परदेशात आपली पाठराखण उभी केली आहे, हेही सांगितले पाहिजे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून तेथील मंडळांना एकत्र आणते. गणेशोत्सव, दिवाळी, मराठी शाळा यांचे काम केवळ हौसेचे नाही. आठवडाभर परक्या खुणांत वावरलेल्या मनाला तिथे तासभर तरी विसावा मिळतो. पण या मंडळांपर्यंत पोहोचतो तो बहुधा सुशिक्षित नोकरदार. बांधकामावरच्या मजुराला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला असा विसावा क्वचितच लाभतो.

निष्कर्ष

एवढ्या विवेचनावरून काही गोष्टी सांगता येतील. पहिली, मनाचे खाली जाणे हा दुबळेपणा नव्हे. खुणा हरवल्या की मन थकणारच. दुसरी, ही वाट चालताना कोणीतरी एक माणूस आधीपासून जोडलेला असावा. कार्पेंटर मावशी किंवा भथेना यांच्यासारखा एकही पुरे. तिसरी, ज्यात आपल्याला मान आहे असे एखादे काम किंवा विद्या हाती असावी. चौथी, शरीराकडे दुर्लक्ष करून मन सावरता येत नाही. आणि मन फारच खोल गेले तर डॉक्टरांकडे जावे, नशिबावर सोडू नये. पाचवी व माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, परत येणाऱ्याचे स्वागत हाही परदेशगमनाचाच भाग आहे. जो समाज मुलांना बाहेर पाठवतो पण परतल्यावर त्यांना जागा देत नाही, तो अर्धेच काम करतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. शाळा काढली म्हणजे झाले, असे त्यांनी मानले नाही. ज्यांनी बडोद्यात रात्रीच्या गाडीची वाट पाहिली, त्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातील खेड्यांमधून आलेल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या तिथल्या वसतिगृहांत राहून शिकल्या. वसतिगृह म्हणजे पाठराखणीचेच सार्वजनिक रूप आहे. म्हणून ‘पुस्तके दिली, शिष्यवृत्ती दिली, आता तुझे तू पाहा’ असे म्हणणारे शिक्षण अपुरे ठरते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी काही जण उद्या समुद्रापलीकडे जातील, बहुतेक इथेच राहतील. जाणाऱ्यांनी वरच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राहणाऱ्यांसाठी एक काम आजपासूनच आहे. पुढच्या जूनमध्ये पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद आणि आसपासच्या खेड्यांतून नवी मुले या महाविद्यालयात येतील. त्यांतील काहींच्या घरून कोणी सोबत आलेले नसेल. प्रवेशाच्या खिडकीपाशी घुटमळणारा असा एखादा दिसला तर त्याला त्याचे गाव विचारावे, वर्ग दाखवावा आणि दुसऱ्या दिवशीही ओळख ठेवावी.